भोगवर्धनाचे दान

जालना जिल्ह्यात सिंह नाही. येथील काळ्या जमिनीत कापूस, तूर आणि सोयाबीन पिकते. मोसंबीच्या बागा बहरतात. अरण्य मात्र फार थोडे. म्हणून दूरच्या रानातील सिंहाच्या रक्षणासाठी येथील माणसाने काही द्यावे, असे कोणी सुचविले, तर तो सहज विचारील, "आमचा आणि सिंहाचा संबंध काय?" हा प्रश्न रास्त आहे. पावसाने पाठ फिरविली की ज्याच्या घरात चिंता शिरते, त्याने आपला पैसा कोठे जातो हे विचारलेच पाहिजे.

या प्रश्नाचे एक उत्तर याच भूमीतील माणसांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. जिल्ह्याच्या उत्तर भागात केळना नदीकाठी भोकरदन हे गाव आहे. सातवाहनांच्या काळी भरभराटीस आलेले भोगवर्धन नगर ते हेच, असे इतिहासकार मानतात. विंध्याद्रीपलीकडे सांची आणि भारहूत येथे जे स्तूप उभारले गेले, त्यांच्या दगडी कठड्यांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत भोगवर्धनच्या रहिवाशांचीही नावे आढळतात. कोणाच्या दानातून एखादा खांब उभा राहिला, तर कोणाच्या दानातून एखादी आडवी शिळा बसली. मध्ये तापी आणि नर्मदा वाहत होत्या, डोंगरांच्या रांगा होत्या. तरी जे मोलाचे वाटले, ते आपल्या शिवेबाहेरचे आहे म्हणून त्यांनी परके मानले नाही.

त्याच सांचीच्या दक्षिण तोरणाच्या खांबांवर पाठीला पाठ लावून बसलेले सिंह कोरलेले आहेत. त्या काळी सिंह केवळ दगडात नव्हता. पश्चिम आशियापासून उत्तर व मध्य भारतातील रानांपर्यंत त्याचा संचार होता. पुढे नांगर रानात शिरला, बंदुका आल्या, शिकारीला प्रतिष्ठा मिळाली आणि वनराज एकेका प्रांतातून नाहीसा झाला. अखेरीस आशियाई सिंह उरला तो सौराष्ट्रातील गीरच्या अरण्यात. जुनागढच्या नवाबांनी त्याला अभय दिले, म्हणून तो तेथे तरी टिकला. स्वातंत्र्यानंतर १९६५ मध्ये गीर हे अभयारण्य झाले. १९६८ च्या गणनेत तेथे १७७ सिंह आढळले. २०२५ च्या गणनेत सौराष्ट्रातील सिंहांची संख्या ८९१ भरली.

ही वाढ आपोआप झालेली नाही. अरण्य राखावयाचे म्हणजे रात्रंदिवस गस्त घालणारे रक्षक हवेत आणि त्यांना वेतन हवे. उन्हाळ्यात पाणवठे भरावे लागतात, वणवे विझवावे लागतात, जखमी पशूवर उपचार करावे लागतात. गीरच्या भोवतालच्या शेतांत कठडा नसलेल्या विहिरी पुष्कळ होत्या. रात्रीच्या अंधारात भक्ष्याच्या मागे धावणारा सिंह अशा विहिरीत पडे आणि बुडून मरे. मग सरकार, संस्था आणि उद्योगसमूह यांच्या पैशातून हजारो विहिरींना कठडे बांधले गेले. काही हात उंचीची साधी भिंत ती. पण तिने सिंह वाचला आणि शेतकऱ्याचे गुरूही वाचले.

सर्वांत मोठा भार मात्र दुसऱ्याच कोणाच्या शिरावर असतो. गीरमध्ये मालधारी नावाचे पशुपालक राहतात. सिंहाने म्हैस मारली, तर त्यांच्या घरातले दूध त्या दिवसापासून आटते. मराठवाड्याच्या माळावर मेंढ्या चारणाऱ्या धनगराला हे दुःख वेगळे सांगावयास नको. लांडग्याने कळपातून मेंढरू उचलले की त्याच्या घरात काय होते, हे तोच जाणतो. सरकार अशा गुरांची भरपाई देते. ती वेळेवर आणि पुरेशी मिळाली, तर मालधाऱ्याच्या मनात विषाचा विचार येत नाही. सिंहाचे वैभव साऱ्या देशाने मिरवावे आणि त्याची किंमत एकट्या मालधाऱ्याने मोजावी, हा न्याय नव्हे. दूरच्या माणसाने दिलेला पैसा हा म्हणूनच सिंहावर केलेला उपकार नसून मालधाऱ्याच्या ओझ्यातील आपला वाटा उचलणे आहे.

काम अजून पुरे झालेले नाही. २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया भागात श्वानांना होणाऱ्या एका रोगाची साथ आली आणि काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले. अमेरिकेहून लस आणावी लागली. सारे धन एकाच कोठारात ठेवले, तर एक ठिणगी पुरते, हे शेतकरी जाणतो. सिंहाला दुसरे घर असावे म्हणून मध्य प्रदेशातील कुनो येथे काही सिंह न्यावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला; परंतु ते सिंह तेथे गेले नाहीत. सौराष्ट्रातच बरड्याच्या डोंगरात मात्र आता सिंहांचा एक लहान समूह वसला आहे. नवे घर म्हणजे नवे रक्षक, नवे पाणवठे, नव्या विहिरींना कठडे. आणि या साऱ्यास पुन्हा पैसा लागणारच.

जालन्याच्या बाजारात रोज हातोहात फिरणाऱ्या प्रत्येक नाण्यावर अशोकाच्या स्तंभावरील सिंह आहेत. ती नाणी मोजणाऱ्या शेतकऱ्याने त्यांतील किती द्यावीत, हे ज्याचे त्याने ठरवावे. भोगवर्धनच्या दात्यांनीही संपूर्ण स्तूप बांधला नव्हता. त्यांनी कठड्याचा आपापला दगड तेवढा दिला होता. गीरच्या शिवारातील एखाद्या विहिरीला अजून कठडा हवा असेल, तर तेवढा एक दगड या जिल्ह्यातून आजही जाऊ शकतो.