पावआण्याच्या कार्डावरचे मित्रमंडळ

उधन्याहून निघणारी ताप्ती लाइन सुरतेतल्या डिंडोलीकरांना तोंडपाठ असते : नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव. लग्नसराईत भुसावळ पॅसेंजरला उभ्याने जाणारी माणसे इथे घरटी सापडतील. सव्वाशे वर्षांपूर्वी याच पट्ट्यात आधुनिक मराठी कवितेचे एक मित्रमंडळ नांदत होते आणि त्याचा बराचसा संसार टपालावर चालत होता, हे मात्र खानदेशी घरांतही फारसे सांगितले जात नाही.

या मंडळाचा पत्ता जळगावचा. नारायण नरसिंह फडणीस यांनी 1887 साली तिथे ‘काव्यरत्नावली’ सुरू केली. केवळ कवितेला वाहिलेले मासिक, तेही मुंबई-पुण्याबाहेर! त्यात लिहिणारे पोटापाण्यापायी चहूकडे पांगलेले. केशवसुत विसाव्या शतकाच्या आरंभी फैजपूरला शाळामास्तर होते, पुढे ते धारवाडला गेले. रेव्हरंड ना. वा. टिळक अहमदनगरला. कवी विनायक धुळ्यात जन्मलेले. धरणगावचा त्र्यंबक ठोमरे तर अजून पोरसवदा होता. एकमेकांच्या घरी जाऊन बसावे, वाद घालावा, अशी सोय नव्हती. होते ते पोस्टकार्ड.

हिंदुस्थानात पोस्टकार्ड 1879 मध्ये आले. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा, आणि 1922 पर्यंत ती तशीच राहिली. मास्तराच्या तुटपुंज्या पगारातही मैत्री टिकली ती या एका पैशावर. त्या काळचे कार्ड हातात घेऊन पाहावे. माथ्यावर ‘श्री’, खाली ‘कृ. सा. न. वि. वि.’ किंवा धाकट्याला ‘अ. उ. आ.’, मजकूर बहुधा मोडीत, एकटाकी. जागा संपली की ओळी समासात वळतात, उभ्या चढतात आणि ‘ता. क.’ पत्त्याच्या बाजूला जाऊन पोचते. बातमी शुभ असेल तर कोपऱ्याला हळदकुंकू, अशुभ असेल तर कोपरा फाडलेला. वाचण्याआधीच घराला कळे.

1907 साली फडणिसांच्या पुढाकाराने जळगावात कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. ठोमरे या मुलाला ‘बालकवी’ हे नाव मिळाले ते इथेच. टिळकांनी पुढे त्याला नगरला आपल्या घरी ठेवून घेतले, आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्याला आईच्या मायेने उभा केला. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाल्यावर नवराबायको काही वर्षे दुरावली होती. त्या वर्षांतले पत्रांचे मोल काय होते, हे ज्यांना पाहायचे त्यांनी याच पुस्तकाकडे जावे. माझ्या मते मराठीत पत्राची वाट पाहण्याचे इतके खरे चित्रण दुसरे नाही.

जळगावचे संमेलन भरले नेमक्या त्याच काळात, सातव्या एडवर्डच्या राजवटीत, लंडनमध्ये 46 गॉर्डन स्क्वेअरच्या घरात लेखक-कलावंतांची ब्लूम्सबरी मंडळी जमू लागली होती. एकाच शहरात राहूनही ती एकमेकांना पत्रे लिहीत, कारण तिथे टपाल दिवसातून अनेकदा वाटले जाई. त्यांतल्या लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांची पत्रे पुढे सहा खंडांत छापली गेली. मंडळातल्याच लिटन स्ट्रेची यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार तर 1956 मध्येच स्वतंत्र पुस्तक होऊन आला. आज त्या मंडळींच्या आयुष्यातल्या रुसव्याफुगव्यांच्या तारखासुद्धा सापडतात.

आपल्याकडे? केशवसुत 1905 मध्ये गेले, विनायक 1909 मध्ये. बालकवी 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडले, वय अवघे सत्तावीस. त्यानंतर वर्षभरात कवी-नाटककार राम गणेश गडकरी आणि मग टिळक. अवघ्या चौदा वर्षांत मैफल उठली. चरित्रांतून, आठवणींतून पत्रांचे तुकडे भेटतात. लंडनकरांसारखे भरगच्च खंड मात्र नाहीत. केशवसुतांचे तर छायाचित्रही उपलब्ध नाही. ज्याचा चेहरा आपण पाहिला नाही, त्याच्या हातची चार ओळींची चिठ्ठीसुद्धा केवढी मोलाची!

जपले तर काय हाती लागते, हे ‘कुसुमानिल’ने दाखवले. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचा लग्नाआधीचा, 1920च्या दशकातला पत्रव्यवहार 1972 मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यात प्रेम तर आहेच. शिवाय दोन तरुण मने काय वाचतात, कशावर भांडतात, घरच्यांच्या विरोधाशी कशी झुंजतात, तेही आहे. पुढे हे दोघेही साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

डिंडोलीला हे सांगण्याचे कारण सरळ आहे. खानदेश सोडून सुरतेला आलेल्या घरांनीही ट्रंकेत पत्रे आणली. आजोबांची मोडी कार्डे, मनिऑर्डरच्या पावत्या, गावाकडून आलेली निळी आंतर्देशीय पत्रे. दिवाळीच्या साफसफाईत ती ‘वाचता येत नाहीत’ म्हणून रद्दीत जातात. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी जुन्या वाड्यांतली अशीच दप्तरे धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ उभी केली. त्यांचा पहिला खंड 1898 चा. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे.

तेव्हा यंदा ट्रंक उघडाल तर एवढे करा. पत्रांना चिकटपट्टी लावू नका, तिकिटे कापून काढू नका, पाकीट आणि पत्र वेगळे करू नका. गाव आणि तारीख सांगणारा शिक्का पाकिटावरच असतो. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कोण कोणाला लिहिते आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आत्ताच विचारून वेगळ्या कागदावर नोंदवून ठेवा. आणि मोडी वाचणारा भेटेपर्यंत एकही कार्ड रद्दीवाल्याला देऊ नका.