पिवळी पडली म्हणून टाकू नकोस

चि. चिऊस,


गच्चीवरच्या काकडीच्या वेलाचा फोटो मिळाला. तुम्ही आठवडाभर गावाला होतात, तेवढ्यात पानांआड राहिलेल्या काकड्या फुगून पिवळ्याधमक झाल्या. खाली तू लिहिलंस, "आई, या खायच्या की टाकायच्या?" नुसतं 'खा' किंवा 'टाक' असं कळवलं असतं, तर पुढच्या वेळी तुला पुन्हा मलाच विचारावं लागलं असतं. तुझं तुला ठरवता यावं, म्हणून हे सविस्तर पत्र.

आपण काकडी खातो ती तिच्या कोवळ्या वयात. फूल गळून आठ-दहा दिवस झाले की तोडतो, तेव्हा आतली बी नुसती पांढरी, मऊ असते. बी रुजण्याजोगी व्हायला महिन्याहून जास्त काळ लागतो. तोवर सालीतला हिरवा रंग ओसरतो, साल जाड होते, बी टणक होते आणि बियांभोवतीच्या गराला आंबूस चव येते. ही काकडी जून झाली, नासली नाही. पुष्कळजण या दोन गोष्टींत गल्लत करतात आणि चांगली काकडी कचऱ्यात जाते. रंग पाहून वय कळतं, पण खराब झाली का हे कळत नाही. शिवाय सगळ्या जातींचा रंग सारखा नसतो. तुमच्या पुण्याचं नाव लावणारी जुनी 'पूना खिरा' काकडी पिकताना पिवळट-तपकिरी होते. तो तिचा स्वभावच आहे.

म्हणून आधी हात लाव. काकडी सगळीकडून दाबून बघ. घट्ट लागली तर पुढे जा. थोडी सुरकुतली असेल तर फक्त पाणी उडालेलं असतं. तशी काकडी कोशिंबिरीत कुरकुरीत लागणार नाही, पण शिजवायला चालेल. बोट आत जात असेल, साल बुळबुळीत लागत असेल, कुठून पाणी झिरपत असेल, तर ती सडायला लागली आहे. देठाची जागा नीट बघ, कारण बुरशी बहुधा तिथूनच शिरते. काकडीसारख्या पाणीदार, मऊ फळात बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. तेवढाच भाग कापून बाकीची वापरू नकोस, अख्खी टाक.

मग नाक. जून काकडीला काकडीचाच वास येतो, थोडा उग्र. आंबलेल्या पिठासारखा वास आला तर चाखायच्या भानगडीतही पडू नकोस.

त्यानंतर सुरी. उभी चीर. गर पांढरा किंवा फिकट पिवळा आणि घट्ट असेल, तर काकडी चांगली. मधे पोकळी दिसली तरी घाबरू नकोस, मोठ्या फळात ती पडते. बियांभोवतीचा चिकट गरही नेहमीचाच. पण बाहेरचा मांसल भाग काचेसारखा पाणावलेला किंवा तपकिरी दिसला, तर ती काकडी संपली.

शेवटी जीभ. देठाकडचा इंचभर भाग काढून टाक आणि मग मधला बोटाच्या पेराएवढा तुकडा चाखून बघ. काकडीतला कडूपणा क्युकरबिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो. तो देठाकडे आणि सालीलगत जास्त असतो, म्हणून टोक कापण्याची आपली रीत योग्यच आहे. पण आतून कडू असलेली काकडी मीठ लावून कितीही घासली, फेस काढला, तरी गोड होत नाही, आणि शिजवूनही तो कडूपणा जात नाही. त्याचा वयाशी फारसा संबंध नाही. उन्हाचा ताप आणि कधी पाणी, कधी कोरड, यामुळे कोवळी काकडीही कडू निघते. गच्चीवरच्या ड्रममधली माती पटकन सुकते, म्हणून पाणी रोज घालत जा. कडू लागलं तर घास थुंकून टाक आणि ती काकडी वापरू नकोस. दुधी भोपळ्याचा कडू रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. रस कडू लागला तर तो पिऊ नये, हाच इशारा त्यातून दिला गेला. दुधी आणि काकडी एकाच कुळातली, कडूपणा आणणारी द्रव्यंही त्याच गटातली.

फ्रिजबद्दलही सांगते. दहा अंशांच्या खाली दोन-तीन दिवसांहून जास्त राहिली की काकडीला थंडी बाधते. सालीवर खड्डे पडतात, पाणावलेले डाग येतात आणि बाहेर काढल्यावर ती झपाट्याने सडते. घरचा फ्रिज तर त्याहून बराच गार असतो. तेव्हा ताजी काकडी त्यातल्या त्यात उबदार खणात ठेव आणि लवकर संपव. केळी, टोमॅटो, सफरचंद यांच्या शेजारी ठेवू नकोस. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने ती लवकर पिवळी पडते. चिरलेली मात्र झाकून फ्रिजमध्येच ठेव आणि एक-दोन दिवसांत खाऊन टाक.

आता चांगल्या निघालेल्या काकड्यांचं काय करायचं? आपल्या सिंधुदुर्गात हा प्रश्नच पडत नाही, कारण आपलं तवसं, म्हणजे आपल्याकडची काकडी, मोठं आणि जून झाल्यावरच खरं कामाला येतं. पावसात मांडवावर चढलेला वेल चतुर्थीच्या सुमारास भरात असतो. गणपतीवरच्या माटवीला, गोव्यातल्या माटोळीला, तवसं टांगतात. पिकलेलं, साल न दुखावलेलं तवसं वाऱ्यावर टांगलं की पुढे बरेच दिवस टिकतं. त्याचं धोंडस, हळदीच्या पानातले पातोळे, घावन, गोड वडे हे सगळं कोवळ्या काकडीने जमत नाही. त्याला जून गराचा घट्टपणा लागतो. जर्मनीतही जून काकड्या सोलून, बिया काढून मोहरीच्या दाण्यांसोबत व्हिनेगरमध्ये मुरवतात. कोरियात तर पिकून तपकिरी झालेली काकडी मुद्दाम भाजीला घेतात.

तू धोंडस कर. काकडी सोल, बिया आणि चिकट गर काढ, उरलेली किस. एक वाटी तांदळाचा रवा तुपावर मंद भाज. दोन वाट्या कीस त्याच्या पाण्यासकट, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, चिमूटभर मीठ, हळद आणि वेलची घालून रवा फुलेपर्यंत शिजव. वरून पाणी घालू नकोस, काकडीचं पाणी पुरतं. मग जाड बुडाच्या, तूप लावलेल्या भांड्यात थापून, झाकण ठेवून मंद आचेवर कडा तांबूस होईपर्यंत ठेव. आपल्याकडे झाकणावर निखारे ठेवतात, तुझ्याकडे ओव्हन आहेच. गोड नको असेल तर कीस थालीपिठात घाल किंवा फोडी मूगडाळीबरोबर शिजव. टणक बिया मात्र तुझ्या सासरेबाबांना आणि लहानांना देऊ नकोस.

एक फळ बियांसाठी ठेव, सगळ्यांत पिवळं असेल ते. गरासकट बिया दिवस-दोन दिवस पाण्यात राहू देत, मग धुऊन सावलीत वाळव. संकरित बियाण्याचा वेल असेल तर पुढची फळं तशीच निघतील असं नाही, पण गावठी असेल तर निश्चिंत लाव. बाकी वेलावर जून फळ राहू देऊ नकोस. वेलाची ताकद बियांकडे जाते आणि नवी फळं धरायची थांबतात. दिवसाआड पानं उचलून बघत जा.

एक मनापासून सांगते. वाया जाऊ नये म्हणून सडकं अन्न पोटात ढकलणं ही काटकसर नव्हे. आपल्या घरच्या बायकांनी ते फार केलं, आणि तू ते करावंस असं मला वाटत नाही. पण दिसायला वेगळं म्हणून चांगलं अन्न टाकायचं, हेही मला पटत नाही. पाणी घालून, मांडव बांधून तू ते फळ वाढवलंस. त्याला एकदा कापून, चाखून बघण्याएवढा मान दे. फोटोत मला फक्त रंग दिसतो, खरं काय ते तुझ्याच हाताला कळेल. उद्या काप, चाख, आणि काय निघालं ते फोन करून सांग.

जावईबापूंना आशीर्वाद, बाबांना नमस्कार.

तुझी,
आई