'वीरधवल'च्या आधीचे नाथमाधव

नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. आजच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी त्यांचे नाव ऐकले असेल कोण जाणे! मला मात्र आठवीत असताना 'वीरधवल'ने असे काही झपाटले की वह्यांच्या मागच्या पानांवर मी भुयारांचे नकाशे काढीत असे. कालिकामूर्तीचे नाव आले की अंगावर काटा येई, आणि तरीही पुढचे पान उलटल्याखेरीज झोप लागत नसे. आमचे गाव आदिलाबाद जिल्ह्यातले. घरात मराठी, बाजारात तेलुगू. मराठी शाळेतली पुस्तकांची कपाटे दोनच. म्हणून आजोबांची ती जीर्ण प्रत मी चारदा वाचली.

यंदा उन्हाळ्यात किनवटला मामांकडे जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात 'प्रेमवेडा' सापडली. नाथमाधवांची ही पहिली कादंबरी 1908 सालची, म्हणजे 'वीरधवल'च्या पाच वर्षे आधीची. मोठ्या हौसेने वाचायला बसले. पण मी शोधत होते ते तिच्यात नव्हते. ना ती भीती, ना प्रकरण संपता संपता श्वास रोखून धरायला लावणारी ती हातोटी. शेवटी शेवटी तर किती पाने उरली तेच मोजत होते.

मामा म्हणाले, "अगं, तो माणूस शिकारीसाठी सिंहगडावर गेला असता कड्यावरून पडला. कमरेखाली पांगळा झाला आणि मग लिहू लागला. जरा सांभाळून घे की!"

हे ऐकून लेखकाविषयीचा आदर दुणावला, हे खरे. पण आम्ही कॉमर्सवाले. दुःखाची रक्कम गुणांच्या खात्यात जमा कशी करणार? 'प्रेमवेडा' मला कंटाळवाणी वाटली ती वाटलीच.

मला खरी बोचणी वेगळीच लागली आहे. 'वीरधवल' तरी खरोखर तेवढी चांगली आहे का? की मी तेव्हा तेरा वर्षांची होते एवढेच? वाचायला दुसरे काही नव्हते, म्हणून तर ती एवढी आवडली नसेल? आज पुन्हा वाचली आणि कालिकामूर्तीची भीतीच वाटली नाही तर?

मामा म्हणतात, वाचून पाहा म्हणजे कळेल. त्यांना सांगायला सोपे आहे. आजोबांच्या ट्रंकेतून पुस्तक काढून मी उशाशी ठेवले आहे. आठवडा झाला, अजून उघडलेले नाही.