बोरा बाजारात बाबांचा कॅमेरा

मुंबईला जायचं म्हटलं की आम्हा नाशिककर बायकांची यादी ठरलेली असते. मंगळदासमधले ब्लाउजपीस, क्रॉफर्ड मार्केट, जमलंच तर महालक्ष्मीचं दर्शन. या खेपेला मात्र माझ्या पिशवीत पोळीभाजीच्या डब्याशेजारी टॉवेलात गुंडाळलेला बाबांचा कॅमेरा होता. "त्या डबड्यापायी मुंबई? मोबाइलवर काढ की फोटो," हे म्हणाले. मी सकाळची पंचवटी गाठली.

कॅमेरा मिनोल्टाचा, एसआरटी १०१. हे मॉडेल जपानात १९६६ साली निघालं. बाबांनी १९८८ मध्ये, माझ्या जन्माच्या वर्षी, एका स्नेह्यांकडून जुनाच घेतला. डोळा लावला की आत दोन सुया दिसतात. एक साधी, ती उजेडाप्रमाणे वरखाली होते. दुसरीच्या टोकाला बारीकशी कडी. लेन्सचं छिद्र किंवा शटरचा वेग बदलत ती कडी सुईवर आणून बसवली, की उजेड जमला. आपण आमटीचा थेंब तळहातावर घेऊन मीठ पाहतो, तसंच हे.

बाबा गेल्यावर कॅमेरा कपाटात पडून होता. गेल्या दिवाळीत मी कोपऱ्यावरच्या दुकानातला बटणासारखा सेल घातला आणि हौसेने रोळ भरला. छत्तीसच्या छत्तीस फोटो काळपट! रोळ आणि धुलाई मिळून हजारावर रुपये पाण्यात. त्यात आईची साठी जवळ आलेली. "काढायचाच तर त्यांच्या कॅमेऱ्याने काढ," असं ती म्हणून बसली होती.

आईच्या तोंडी स्टेशन अजून व्ही.टी.च आहे. १९९६ मध्ये त्याचं नाव छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं आणि २०१७ मध्ये त्यात 'महाराज' आलं. बाहेर पडून भुयारी मार्गाने रस्ता ओलांडला, की कॅपिटॉल सिनेमाच्या जुन्या इमारतीजवळ फोर्टातल्या गल्ल्या सुरू होतात. त्यातली बोरा बाजार म्हणजे फोटोवाल्यांचं माहेरच. कॅमेरे, फ्लॅश, तिपाया, लग्नाचे आल्बम. वर जुन्या इमारतींचे लाकडी सज्जे, खाली हातगाड्या आणि "बाजू, बाजू!" करत जाणारे हमाल. अंग चोरूनच चालावं लागतं.

दुरुस्तीवाल्या काकांची जागा एका जिन्याखाली. एक टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग आणि झाकणांत मांडलेले तिळाएवढे स्क्रू. "ताई, कुठला सेल घातलात?" त्यांनी पहिलंच विचारलं. मी दाखवला. ते हसले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. हा कॅमेरा पाऱ्याच्या सेलवर चालायचा. त्याचा दाब १.३५ व्होल्ट आणि शेवटपर्यंत तेवढाच राहायचा. आजचा साधा सेल दीड व्होल्टचा. दाब वाढला की सुई जास्त चढते. उजेड भरपूर आहे असं समजून आपण छिद्र लहान करतो आणि फोटो काळा येतो. म्हणजे सुई खोटं बोलत नव्हती, तिला खायलाच चुकीचं घातलं होतं!

तो पाऱ्याचा सेल बंद का झाला, हे घरी येऊन वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. जपानमधल्या मिनामाता गावी कारखान्याचा पारा समुद्रात जाई. मासे खाऊन माणसं आजारी पडली, पोटातली बाळंसुद्धा. हा रोग १९५६ मध्ये उघडकीला आला. १९७१ मध्ये यूजीन स्मिथ हे अमेरिकन छायाचित्रकार पत्नी आयलीनसह तिथे जाऊन राहिले आणि जगाला ते दुःख दाखवलं. त्यांच्या हातातही हाच एसआरटी १०१ होता! त्याच गावाच्या नावाने २०१३ मध्ये पाऱ्याविरुद्ध जागतिक करार झाला. भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला.

काकांनी तळाचं झाकण उघडलं. सेलच्या घरात हिरवी बुरशी, आणि तार कुजलेली. त्यांनी ती बदलली, घर पुसून लख्ख केलं. दाब उतरवायला एक इवलासा डायोड डाकून दिला. आता त्यात १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइडचा सेल चालतो.

पंधरा दिवसांनी दुसरी खेप झाली, ती सुई जुळवायला. दुधी काचेमागे दिवा असलेल्या पेटीसमोर काकांनी कॅमेरा आणि स्वतःचं मीटर शेजारी शेजारी धरलं. मंद, मध्यम, प्रखर अशा तिन्ही उजेडांत आकडे ताडून पाहिले. एकाच उजेडात जुळवलं तर दुसऱ्यात चुकतं, म्हणाले. मग नाक्यावर उन्हात नेलं. १०० नंबरच्या फिल्मला लख्ख उन्हात छिद्र १६ आणि वेग सव्वाशे, हा जुना हिशेब. सुई तिथेच आली!

"आता तुमचा हात पुढे करा," काका म्हणाले. पांढरी साडी किंवा भिंत समोर असली की सुई फसते, चेहरा काळा पडतो. म्हणून त्याच उजेडात तळहात धरून मोजायचं. तळहात जरा उजळ असतो, म्हणून छिद्र एक घर मोठं ठेवायचं.

मी तिथेच थांबले. लहानपणापासून पाहिलेलं एकदम उलगडलं. बाबा कुठेही फोटो काढताना म्हणायचे, "अगं, हात दे जरा." आई पुढे यायची, तळहात धरायची आणि बाजूला सरकायची. आमच्या आल्बमात सगळे आहेत, आई नाही. पण प्रत्येक फोटोचा उजेड तिच्या हातावर मोजलेला आहे.

साठीच्या दिवशी तिला खिडकीशी बसवलं. तिने सवयीने हात पुढे केला. मी म्हटलं, "राहू दे. आज माझा हात आहे." फोटो छान आलाय.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे असा कॅमेरा असेल तर दोन गोष्टी सांगते. डायोड बसवायचा नसेल, तर कानाच्या यंत्राचा ६७५ नंबरचा सेल रबरी कडी लावून बसवता येतो. त्याचा दाब १.४ व्होल्ट, पण वरचा कागद काढला की दोन-तीन महिन्यांत संपतो. आणि जुना सेल केरात टाकू नका, मुलांच्या हाती तर मुळीच नको. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. त्यात पारा असतो, हे आता आपल्याला ठाऊक आहे.