लाटेच्या आधी

वर्ध्याला समुद्र नाही. आमच्या जिल्ह्यात वैशाखात नदीचे पाणीसुद्धा शोधावे लागते. तिथे समुद्राची गोष्ट काय बोलावी! मुंबई इथून रेल्वेने साडेसातशे किलोमीटर. पण नकाशा जरा निरखून पाहिला तर वर्धा हे दोन समुद्रांच्या मधले नाके आहे. हावड्याहून मुंबईला जाणारा लोहमार्ग आणि दिल्लीहून चेन्नईला जाणारा लोहमार्ग इथेच एकमेकांना भेटतात. वर्ध्याच्या फलाटावरून अरबी समुद्राकडे जावे, सेवाग्रामच्या फलाटावरून बंगालच्या उपसागराकडे. या दोन्ही समुद्रांची आठवण मला सेवाग्रामच्या आश्रमात, एका टेलिफोनपुढे उभे असताना झाली.

आश्रम पाहायला आलेली मंडळी बापूकुटीत हळूच शिरतात, चटईपाशी क्षणभर थबकतात आणि हात जोडून बाहेर पडतात. पण माझ्यासारख्या चौकस माणसाची पावले बापूंच्या दफ्तराकडे वळतात. तिथे साप धरण्याचा लाकडी चिमटा आहे, पिंजरा आहे. साप मारायचा नाही, धरून रानात सोडायचा, अशी इथली रीत. आणि तिथेच तो टेलिफोन. १९३६ साली गांधीजी इथे आले तेव्हा हे सेगाव नावाचे आडबाजूचे खेडे होते. महात्म्याशी बोलणे पडले तर सोय असावी म्हणून व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी या खेड्यात टेलिफोन आणवला.

मागच्या जानेवारीत वर्गातली मुले बरोबर होती. एका मुलीने विचारले, “सर, हा फोन दोघांपुरताच ना? गावाला काही सांगायचे झाले तर?”

प्रश्न साधा, पण त्याने मला थेट १९४५ सालात नेले. त्या वर्षी २८ नोव्हेंबरला, पहाट फुटण्यापूर्वी, बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यालगत समुद्राचा तळ हलला. भूकंप आठ रिश्टरच्या वरचा. समुद्राखालच्या खडकाचा एक पट्टा दुसऱ्याखाली सरकताना अडून बसतो आणि शेकडो वर्षांनी एकदम सुटतो. तळ उचलला जातो, त्याबरोबर वरचे सारे पाणी उचलले जाते आणि ते चहूकडे धावते. खोल समुद्रात ही लाट जेमतेम हात-दोन हात उंच असते. जहाजाला तिचा पत्ताही लागत नाही. वेग मात्र जेट विमानाचा. किनाऱ्याच्या उथळ पाण्यात ती मंदावते आणि उंच होते.

कराचीला पाणी पहाटेच चढले. मुंबईला ते पोचले सकाळी सव्वाआठच्या सुमारास. जुहू-दांड्याला होड्यांचे दोर तुटले. वेसाव्याला पाच आणि हाजीअलीला सहा माणसे वाहून गेली. मुंबईत एकंदर पंधरा बळी पडले. पाहणारे सांगत की भरतीच आली, फक्त फार घाईने आली.

मला चुटपुट लागते ती कराची आणि मुंबई यांमधल्या त्या दोन-अडीच तासांची. दोन्ही शहरांत तारघर होते. लाटेहून तार कितीतरी वेगवान. पण अशी तार पाठवणे हे कुणाचेच काम नव्हते, आणि ती आली असती तरी वेसाव्याच्या कोळीवाड्यात ती वाचून कोण दाखवणार होते?

जपानी लोक या लाटेला त्सुनामी म्हणतात. त्सु म्हणजे बंदर, नामी म्हणजे लाट. (मराठीच्या मास्तराला राहवत नाही म्हणून सांगतो: हा ‘त्सु’ म्हणजे आपल्या ‘चुली’तला चु. ‘चुनामी’ लिहिले असते तर मराठी माणसाने उच्चार अचूक केला असता!)

साठ वर्षांनी तेच घडले, कितीतरी मोठ्या मापाने. २६ डिसेंबर २००४, रविवार, मार्गशीर्षातली पौर्णिमा. सकाळी साडेसहाला सुमात्राजवळ तळ फाटला. चेन्नईच्या किनाऱ्यावर लाट आली ती सुमारे अडीच तासांनी. हवाईमधल्या केंद्राला काही मिनिटांतच भूकंप कळला होता. पण त्यांची यादी प्रशांत महासागरातल्या देशांची. हिंदी महासागरात कुणाला कळवायचे हे ठरलेलेच नव्हते. सव्वादोन लाखांवर माणसे गेली, त्यांत आपली दहा हजारांहून अधिक.

त्या दिवशी पुदुच्चेरीजवळचे नल्लवाडू मात्र वाचले. गावचा एक मनुष्य सिंगापूरला नोकरीला होता. त्याने दूरदर्शनवर बातमी पाहून घरी फोन केला. फोन दोघांपुरताच होता, पण गावात स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने उभारलेले माहिती केंद्र होते, त्यावर भोंगा होता. रोज मासेमारीच्या सूचना देणारा तो भोंगा, त्याच आवाजात म्हणाला, पळा. साडेतीन हजारांवर वस्ती सुखरूप बाहेर पडली.

आज हे काम हैदराबादच्या केंद्राकडे आहे. २००७च्या ऑक्टोबरपासून तिथे अहोरात्र पहारा असतो. म्हणजे आपल्या समुद्राचा राखणदारही आमच्यासारखाच समुद्रापासून दूर राहतो! समुद्राच्या तळाशी ठेवलेली यंत्रे पाण्याचा दाब मोजतात आणि तो आकडा उपग्रहावाटे इकडे येतो. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ पुन्हा मोठा भूकंप झाला, तेव्हा पहिला निरोप आठ मिनिटांत निघाला. त्या वेळी खडक आडवे सरकले होते, पाणी फारसे उचलले गेले नाही. निरोप राजधानीत जातो, जिल्ह्याला जातो; पुढचा मैल गावाचा. ओडिशातल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांनी तो मैल नेटाने बांधला. पळायच्या वाटा ठरवल्या, फलक लावले, तालमी केल्या. २०२०मध्ये युनेस्कोने त्यांना ‘त्सुनामीसाठी सज्ज’ म्हणून मान्यता दिली.

परतताना आम्ही पवनारला उतरलो. धाम नदी तेव्हा खडकांमधून शहाण्यासारखी वाहत होती. विनोबांच्या आश्रमाखाली काठावर एक म्हातारे बाबा बसले होते. पावसाळ्यात पाणी कुठवर येते ते त्यांनी काठीने दाखवले. वर महाकाळीचे धरण भरले की नदीकाठच्या गावांना आधी सांगतात, हेही सांगितले.

“रात्री कसे कळते, बाबा?” मघाच्याच मुलीने विचारले.

“पोलीस पाटलाले फोन येते. मंग देवळातला भोंगा वाजते.”

“आणि लाइट गेली असली तर?”

“मंग मी आहो ना, पोरी,” बाबा म्हणाले. “माही हाक पार पुलापावतर जाते.”