रंगाच्या आधीं

घराला रंग देणें हें पाहणाऱ्यास एकच काम दिसतें. वस्तुतः तीं दोन कामें आहेत. पहिलें खरवडण्याचें व दुसरें लावण्याचें. दुसऱ्याची हौस घरांतील लहानथोरांना असते. पहिल्याची कोणालाच नसते. मजुरी ठरवितांना आपण रंगाचे डबे मोजतों, खरवडण्याचे दिवस मोजीत नाहीं. आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटूं लागले, म्हणजे दोष मात्र रंगाच्या माथीं मारतों. गेल्या कार्तिकांत आमच्या मोहोळच्या वाड्याचें बाहेरचें लांकूडकाम रंगविण्यास काढलें, तेव्हां या पहिल्या कामाचें महत्त्व घरांतील सर्वांसच कळून आलें. तें चार घरांच्या उपयोगी पडावें म्हणून येथें नमूद करीत आहें.

आमच्या सोलापूरकडे सबंध लांकडी भिंतींचीं घरें नसतात. भिंत दगडाची व पांढऱ्या मातीची, आणि वर माळवद. परंतु घराचें मुख म्हणून जें दिसतें तें पुष्कळ अंशीं लांकडाचेंच असतें: दिंडीचा दरवाजा व त्याची चौकट, ओसरीचे खांब, त्यांवरील हस्त व तुळया, माडीचा सज्जा आणि कठडा. या प्रकारचें ऐश्वर्य पाहावयाचें असेल तर पुण्याचा विश्रामबागवाडा पाहावा. दुसऱ्या बाजीरावानें १८०७ च्या सुमारास बांधविलेल्या या वाड्याची दर्शनी बाजू कोरीव सागवानाची आहे. पुढें १८२१ सालीं तेथेंच संस्कृत पाठशाळा सुरू झाली, आणि १८७९ च्या आगींत वाड्याचा कांहीं भाग जळाला. अग्नीपुढें रंगाचा इलाज नाहीं. परंतु ऊन आणि पाणी हे जे लांकडाचे नित्याचे वैरी, त्यांच्यापासून रंग खरोखरच रक्षण करतो. मात्र तो लांकडाला धरून राहिला पाहिजे. धुळीवर, तेलकटपणावर किंवा सुटलेल्या जुन्या पापुद्र्यावर लावलेला नवा रंग लांकडाला चिकटतच नाहीं. तो त्या पापुद्र्याबरोबर गळून पडतो.

आमच्या वाड्यांत तीन भावांची बिऱ्हाडें आहेत. पुण्यास नोकरीवर असलेला माझा पुतण्या दिवाळीस आला, त्यानें ओसरीच्या खांबांवर उठलेले फोड पाहिले आणि म्हणाला, “काका, लांकूड पार कुजलें आहे. आतां यावर पैसा घालण्यांत काय अर्थ? साग विकूं आणि त्या पैशाची भर घालून स्लॅबचें घर बांधूं.” त्याच्या बोलण्यांत उद्धटपणा नव्हता, हिशेब होता. धाकट्या भावाचेंही मन त्या बाजूस झुकलें. मोठ्या वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, पण दोन दिवस त्यांचें जेवणावर लक्ष नव्हतें. अखेर असें ठरलें कीं, रंगवावें कीं मोडावें हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवावा; आधीं खरवडून लांकूड पाहावें.

रंगारी आला. त्यानें सुचविलें, “गुरुजी, ज्योतीनें जाळला कीं जुना रंग लोण्यासारखा सुटतो. दोन दिवसांत खांब मोकळे.” हें ऐकून माझी सून बाहेर आली. तिच्या कडेवर अकरा महिन्यांचें मूल होतें. ती म्हणाली, “बाबा, हा खालचा रंग किती जुना आहे? मागच्या आठवड्यांत याच्या तोंडांतून मीं पापुद्रा काढला आहे.” खालचे थर माझ्या वडिलांच्या वेळचे, कदाचित् त्याहूनही जुने. त्या काळच्या तेलरंगांत शिसें मुबलक असे. पांढऱ्या रंगाचा सफेता हा शिशाचाच क्षार, आणि शेंदूर हाही शिशाचाच. संस्कृतांत शिशास ‘नाग’ असें नांव आहे, आणि अमरकोशकारानें सिंदुरास ‘नागसंभव’ म्हटलें आहे. वर्गांत हा शब्द मीं कित्येकदां सांगितला होता. तो आपल्या ओसरीच्या खांबावर बसलेला आहे, हें त्या दिवशीं ध्यानांत आलें.

शिसें पोटांत किंवा श्वासांत गेलें असतां लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करतें, आणि मुलांना निर्धोक असें त्याचें कोणतेंही प्रमाण माहीत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेचें म्हणणें आहे. अमेरिकेंत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगांवर १९७८ सालीं बंदी आली. आपल्याकडे २०१६ चे नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले, आणि रंगांतील शिसें दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असूं नये असें ठरलें. म्हणजे त्यापूर्वीं रंगविलेलें प्रत्येक जुनें दार संशयास्पद समजावें. जाळल्यानें शिशाची वाफ होते, कोरडें घांसल्यानें धूळ. दोन्ही सारखींच घातक. आम्हीं मुलाचें रक्त तपासून घेतलें. सुदैवानें त्यांत विशेष कांहीं निघालें नाहीं; परंतु अहवाल येईपर्यंतचे दिवस कसे गेले हें आम्हांसच ठाऊक.

मग कामाची रीत बदलली. मुलाला व त्याच्या आईला माहेरीं पाठविलें. गाय शेजाऱ्यांच्या गोठ्यांत बांधली, कारण रंग चाटून गुरेंही दगावतात. ओसरीवर जाड प्लॅस्टिक अंथरलें, आणि घराकडील दारें-खिडक्या बंद केल्या. लांकडावर पाण्याचा फवारा मारीत पत्र्याच्या पातीनें रंग सोडवावयाचा, आणि उरलेला वॉटर पेपर भिजवून, लांकडाच्या रेषांच्या दिशेनें घांसावयाचा. आडवें घांसलें तर ओरखडे रंगाखालूनही दिसतात. रंगाऱ्यांना नुसतें फडकें न देतां बारीक धूळ अडविणारे मुखपट्टे आणून दिले. संध्याकाळीं सर्व पापुद्रे ओल्या फडक्यानें टिपून पिशवींत बांधीत. ते परसांत किंवा तुळशीच्या मातींत टाकूं दिले नाहींत. रंग असलेली एकही ढलपी बंबांत घालूं दिली नाहीं. कामाचे कपडे बाहेरच उतरवून, स्नान करूनच सर्वांनीं आंत यावयाचें. मोठ्या वहिनी म्हणाल्या, “हें ओवळें मात्र खरें.” दोन दिवसांचें काम बारा दिवस चाललें.

त्या बारा दिवसांत जें दिसलें त्यानेंच घरचा वाद मिटण्याच्या मार्गास लागला. फोड रंगाला आले होते, लांकडाला नव्हे. मागें कधीं एकदां ओलसर लांकडावरच रंग चढविला होता; आंतल्या पाण्यास वाट न मिळाल्यानें त्यानें रंग उचलला. खालीं साग टणक होता. फक्त ओसरीच्या टोकाचे दोन खांब पायाशीं मऊ लागले, सुताराचा टोच्या बोटभर आंत गेला. कारणही तेथेंच होतें. पूर्वीं खांब दगडी तळखड्यावर मोकळा उभा असे, पाणी निथळून जाई. पुढें फरशी करतांना तळखड्याभोंवतीं सिमेंट भरलें गेलें, त्यांत पाणी मुरून राहूं लागलें आणि खांब पायापासून कुजला. सुतारानें तुळईस टेकू दिला, सडका भाग निरोगी लांकूड लागेपर्यंत कापला, जुन्या चौकटीच्या सागाचा जोड बसविला, आणि सिमेंट फोडून तळखडा पुन्हां मोकळा केला. पुतण्या त्या रविवारीं आला होता. त्यानें टोच्या हातांत घेऊन एकेक खांब स्वतः तपासला. बोलला कांहीं नाहीं; मात्र आपल्या भागाच्या तुळयाही पाहून घ्याव्या असें सुतारास सांगितलें, आणि जातांना खर्चाचा आपला तिसरा हिस्सा वहिनींच्या हातीं ठेवला. वाडा पुढें राहील कीं जाईल हें आज कोणीं सांगावें? परंतु निर्णय होईल तेव्हां तो लांकूड पाहून होईल, रंगाचे फोड पाहून होणार नाहीं.

पुढील काम सोपें. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानें तेलकटपणा काढला, स्वच्छ पाण्यानें धुतलें आणि आठ दिवस वाळूं दिलें. सागांत स्वतःचें तेल असतें म्हणून टर्पेंटाइनचा बोळा फिरविला. गांठींवर स्पिरिटांत विरघळविलेली लाख लावली. नंतर अस्तराचा हात, विशेषतः लांकडाच्या कापलेल्या टोकांना, कारण पाणी तेथूनच शिरतें. भेगांत लांबी भरावयाची ती अस्तरानंतर. कोऱ्या लांकडांत भरली तर लांकूड तिचें तेल शोषून घेतें आणि ती सुकून गळते. मग रंगाचे दोन पातळ हात, सांवली धरून. तापलेल्या लांकडावर रंग लावला कीं फोड आलेच.

वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वज्रलेपाची कृति दिली आहे. कच्चीं टेंभुर्णीचीं व कवठाचीं फळें, सांवरीचीं फुलें इत्यादि द्रोणभर पाण्यांत आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवावयाचीं, आणि त्यांत गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस घालून लेप तापवून लावावयाचा. जवस आणि राळ हीं पुढें तेलरंग व रोगण यांचेंही साहित्य होऊन राहिलीं, हें पाहून गंमत वाटते. लेप हजारों वर्षांत सुधारत गेला. खरवडण्याचे कष्ट मात्र जसेच्या तसे राहिले.

ज्यांच्या घरीं जुनीं रंगविलेलीं दारें-खांब आहेत, त्यांनीं रंगाऱ्याशीं बोलतांना खरवडण्याचे दिवस वेगळे ठरवावे व त्यांची मजुरी वेगळी द्यावी. ज्योत लावूं देऊं नये. आणि घरांत रांगतें मूल असेल, तर रंगाचें काम पुढें ढकललें तरी चालेल; सुटलेले पापुद्रे ओल्या फडक्यानें टिपून घेण्याचें काम मात्र आजच करावें.