न निघालेला अंक

ताप उतरला, पण अंगात त्राण नव्हतं. म्हणून जुन्या कॉमिक्सची प्लास्टिकची वेष्टणं बदलत बसलो. डेल प्रकाशनाचा १९६५चा ‘लोबो’ हाती आला. स्वतःच्या नावाचं कॉमिक मिळालेला कृष्णवर्णीय काउबॉय, दोन अंकांतच थांबलेला.

त्याआधी, १९४७मध्ये, इथेच फिलाडेल्फियात पत्रकार ऑरिन इव्हान्स यांनी ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’ काढलं. लिहिणारे, चितारणारे सगळे कृष्णवर्णीय. किंमत १५ सेंट. इतर कॉमिक्स तेव्हा १० सेंटला मिळत. त्यातला गुप्तहेर एस हार्लेम मला फार प्रिय. माझ्याकडे मात्र पुनर्मुद्रणच आहे. दुसऱ्या अंकासाठी इव्हान्सना कुणी कागदच विकेना. त्या अंकासाठी जीव तुटतो. एस पुढे कुणाच्या मागावर निघाला असता, हेच आज दुपारभर मनात घोळतंय.